वृद्ध पेशींचा डेटा एकत्र आणताना निकाल साठवू नका, पुरावा साठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही लॅब मिळून माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांमधल्या वृद्ध पेशींचा, म्हणजे सेनेसंट पेशींचा अभ्यास करताहेत. सगळ्यांचा डेटा एका जागी आणायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. कोणती प्रणाली निवडावी, प्रत्येक पेशीसमोर ‘वृद्ध आहे / नाही’ असा एक रकाना ठेवला तर चालेल का, आणि लॅबवाले मेटाडेटाचे, म्हणजे नमुन्याबद्दलच्या माहितीचे, फॉर्म अर्धवट भरून पाठवतात त्यांचं काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे. ऊती देणाऱ्या दात्यांच्या आरोग्याच्या नोंदी याला कशा जोडायच्या, हे तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत टाकलं आहे. माझ्या मते ती ओळ सगळ्यात वजनदार आहे.

मी बरीच वर्षं याच कामात आहे: अनेक लॅब, अनेक ऊती, अनेक पद्धती आणि मधोमध एक छोटा समन्वय गट. त्यामुळे क्रम जरा बदलून उत्तर देते. प्रणालीचा प्रश्न शेवटी घेऊ, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. खरी अडचण त्या ‘आहे / नाही’ रकान्यात आहे. वृद्ध पेशी कोणाला म्हणायचं यावर तुमच्या लॅबचं एकमत होणार नाही, आणि ते न होणं रास्तच आहे. हा मतभेद मिटवायचं काम समन्वयकाचं नाही. कोणी कशाच्या आधारावर काय म्हटलं, हे दहा वर्षांनीही तपासता यावं अशा रीतीने जपणं, हे त्याचं काम.

एकमत का होत नाही, ते आधी पाहू. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत कितीही वेळा विभागत नाहीत, साधारण पन्नासेक विभाजनांनंतर थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं. थांबलेली पेशी मरत नाही. तिचा चयापचय चालूच राहतो, ती मोठी आणि पसरट होते, आणि आजूबाजूला दाह वाढवणारी प्रथिनं, वाढीचे घटक, ऊतीची जाळी कुरतडणारी विकरं (एन्झाइम) सोडत राहते. या स्रावसमूहाला २००८ पासून एसएएसपी म्हणतात. २०११ मध्ये, अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांच्या शरीरातून पी१६ हे विभाजन थांबवणारं प्रथिन चालू असलेल्या पेशी काढून टाकल्यावर वयाबरोबर येणारे काही विकार लांबले, आणि मानवी आरोग्याच्या अंगाने या पेशींचा अभ्यास करणाऱ्यांची संख्या वाढली. याच पेशी जखम भरून यायला मदत करतात आणि बिघडलेल्या पेशीला कर्करोगाकडे जाण्यापासून रोखतात, हेही तितकंच खरं. म्हणून ‘घातक’ वगैरे विशेषणं डेटाबेसात कुठेही येऊ देऊ नका.

आता या पेशी ओळखायच्या कशा? एकच खूण पुरेल असं आजवर कोणाला सापडलेलं नाही. सगळ्यात जुनी आणि लोकप्रिय चाचणी १९९५ ची: सामू (पीएच) ६.० ला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या विकराची क्रिया निळ्या रंगाने दाखवणारी. ती ताज्या किंवा गोठवलेल्या नमुन्यावर चालते. फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणात बसवलेल्या ऊतीत ते विकर निकामी झालेलं असतं. शिवाय मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशीही निळ्या होतात, आणि प्लेटमध्ये खूप दाट वाढलेल्या साध्या पेशीही.

पी१६ घ्या. याचं जनुक सीडीकेएन२ए. त्याच जनुकातून पी१४एआरएफ नावाचं अगदी वेगळं प्रथिनही तयार होतं. दोघांच्या आरएनएचा पहिला तुकडा वेगळा आणि पुढचे तुकडे सामायिक असतात. नेहमीच्या सिंगल-सेल सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वाचण्याच्या पद्धतीत, आरएनए शेपटीकडून वाचला जातो, म्हणजे नेमका सामायिक भाग. त्यामुळे ‘सीडीकेएन२ए वाढलं’ एवढ्यावरून ‘पी१६ वाढलं’ असं म्हणता येत नाही. त्यात हा आरएनए पेशीत मुळातच थोडा असतो, म्हणून कित्येक पेशींत मोजणी शून्य येते आणि त्या शून्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. पी२१ हे विभाजन रोखणारं दुसरं प्रथिन, पण डीएनएला इजा झाली की ते तात्पुरतंही वाढतं. पेशी सावरून पुन्हा विभागू लागू शकते. केंद्रकाच्या अस्तरातलं लॅमिन बी१ हे प्रथिन कमी होणं ही चांगली खूण, पण ती कशाच्या तरी अभावाची खूण आहे, आणि डागच नीट चढला नसेल तरी चित्र तसंच दिसतं. एसएएसपीतलं आयएल-६ हे दाहाचं प्रथिन तर प्रतिकारशक्तीच्या पेशी रोजच सोडतात. २०२२ मध्ये आलेल्या सेनमेयो या १२५ जनुकांच्या यादीवरून काढलेला गुणांक मीही वापरते, पण तो तुलनात्मक आकडा आहे. कितीच्या वर गेला म्हणजे पेशी वृद्ध, हे ती यादी सांगत नाही, ते विश्लेषण करणारा ठरवतो.

म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या सेननेट या मोठ्या उपक्रमाने २०२४ मध्ये आपल्या शिफारशी ऊतीनिहाय दिल्या. त्वचेत जी खूण भरवशाची ती फुप्फुसात असेलच असं नाही. तुमच्या लॅबमधला मतभेद हा आडमुठेपणा नाही, शास्त्राची आजची स्थितीच तशी आहे. लॅबच्या बैठकीत हे मोकळेपणाने बोललात तर निम्मा ताण तिथेच उतरतो.

तर ‘आहे / नाही’ रकान्याला माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. न्यायालयात साक्षीपुरावा वेगळा नोंदतात आणि निकाल वेगळा, म्हणूनच वरच्या न्यायालयाला तोच पुरावा पुन्हा तपासता येतो. तुम्हीही तसंच करा. प्रत्येक खुणेसाठी स्वतंत्र नोंद ठेवा: काय मोजलं, आरएनए की प्रथिन की विकराची क्रिया, कोणत्या पद्धतीने, कोणत्या प्रतिपिंडाने (त्याचा आरआरआयडी, म्हणजे सगळीकडे एकच असणारा ओळख क्रमांक, आणि लॉट क्रमांक दोन्ही, कारण एकाच प्रतिपिंडाचे दोन लॉट वेगळे वागताना मी पुष्कळदा पाहिले आहेत), मूळ आकडा किती आला, उंबरठा किती धरला आणि तो कशावरून ठरवला.

या नोंदीत ‘आढळलं नाही’, ‘मोजलंच नाही’ आणि ‘मोजलं पण चाचणी फसली’ या तीन गोष्टींना तीन वेगळी चिन्हं द्या. रिकामा चौकोन ठेवायची परवानगीच नको. हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगते. दोन वर्षांनी एखादी विद्यार्थिनी तुमचा डेटा उघडेल आणि मूत्रपिंडाच्या रकान्यात बीटा-गॅलसमोर रिकामी जागा पाहून ‘मूत्रपिंडात वृद्ध पेशी कमी’ असा निष्कर्ष काढेल. वास्तविक त्या लॅबकडे सगळे नमुने मेणातले होते, तिथे ती चाचणी करणंच शक्य नव्हतं.

निकाल अजिबात नको, असं मात्र मी म्हणत नाही. चिकित्सकांना आणि विश्लेषकांना शेवटी काहीतरी वर्गीकरण लागतंच. ते पुराव्यावरून संगणकाने काढलेला वेगळा थर म्हणून ठेवा आणि त्याला व्याख्येचं नाव आणि आवृत्ती चिकटवा. ‘फुप्फुस, व्याख्या दुसरी: पी२१ प्रथिन उंबरठ्याच्या वर, लॅमिन बी१ खाली, विभाजनाची खूण केआय६७ नाही’ अशा धाटणीची. उद्या व्याख्या सुधारली की पुरावा जागचा हलत नाही, वरचा थर पुन्हा मोजायचा. जुना थर पुसायचा नाही, कारण त्यावर कोणाचा तरी लेख छापून आलेला असतो.

आता मेटाडेटा. तुम्ही लॅबना पाठवलेल्या फॉर्ममध्ये खूप रकाने आहेत आणि जवळजवळ सगळेच सक्तीचे आहेत, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. फॉर्म अर्धवट येण्याचं पहिलं कारण तेच. मी रकाने दोन ढिगांत वाटते: जी माहिती नंतर केव्हाही मिळवता येते ती, आणि जी त्या दिवशी लिहिली नाही तर कायमची जाते ती. सक्ती फक्त दुसऱ्या ढिगावर. उपकरणाचं मॉडेल पुढच्या महिन्यातही विचारता येतं. ऊती शरीराबाहेर काढल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला, हे पुढच्या महिन्यात कोणालाच आठवत नसतं.

त्या दुसऱ्या ढिगात माझ्या मते काय असावं ते सांगते. मृत्यूनंतर नमुना घेतला असेल तर मधला कालावधी. शस्त्रक्रियेतून आला असेल तर थंड ठेवलेला वेळ. कोणत्या द्रावणात किती तास ठेवला, कसा गोठवला. पेशी सुट्या करण्यासाठी कोणतं विकर, किती तापमानाला, किती वेळ वापरलं. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण ३७ अंशांवर ऊती विकरात ठेवली की पेशी तणावाखाली येतात आणि एफओएस, जेयूएन यांसारखी जनुकं झटकन वर जातात. ही एपी-१ गटातली जनुकं वृद्ध पेशींच्या अभ्यासातही महत्त्वाची आहेत. म्हणजे तयारीचा परिणाम आणि शरीरातली खरी अवस्था एकमेकांत मिसळतात, आणि तापमानाची नोंद नसेल तर ती गाठ कधीच सुटत नाही.

सबंध पेशी घेतल्या की नुसती केंद्रकं, हीही नोंद अशीच लागते. वृद्ध पेशी आकाराने मोठ्या असतात. पेशी सुट्या करताना, गाळताना, थेंबांत पकडताना त्याच जास्त गळतात. केंद्रकं घेतली तर ही गळती टळते, पण केंद्रकाबाहेरचा आरएनए हातचा जातो. दोन्ही मार्ग योग्य आहेत. मात्र एका लॅबने एक आणि दुसरीने दुसरा धरला असेल तर ‘अमुक ऊतीत वृद्ध पेशींचं प्रमाण इतके टक्के’ हे दोन आकडे शेजारी ठेवू नयेत, आणि तुमच्या पडद्यावर ते शेजारी दिसूही नयेत.

प्रतिमांसाठी एक खास गोष्ट. वयाबरोबर पेशींत लिपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य साठतं आणि ते स्वतःच चमकतं, बऱ्याच रंगांच्या पट्ट्यांत. वृद्ध दात्याच्या ऊतीत प्रतिपिंड लावलेच नाहीत तरी चमक दिसते. म्हणून प्रत्येक ब्लॉकमधला, म्हणजे ऊतीच्या साठवलेल्या तुकड्यातला, एक डाग न लावलेला काप त्याच सेटिंगवर टिपून जोडावा, अशी अट मी घालते. तो काप नसेल तर प्रतिमा स्वीकारते, पण तिच्यावर तशी खूण करते.

जागेची नोंद ‘फुप्फुस’ एवढ्यावर सोडू नका. कोणता खंड, पृष्ठभागाजवळचा की आतला, हे हवं. अवयवांच्या नावांसाठी युबेरॉन आणि पेशींच्या प्रकारांसाठी सेल ऑन्टॉलॉजी या तयार शब्दसूची आहेत. त्यातून निवडायची यादी फॉर्ममध्येच द्या, हाताने टंकायला लावू नका. नमुन्याची साखळी दाता, अवयव, ब्लॉक, काप आणि डेटासेट अशी वरून खाली जोडलेली राहू द्या. ओळख क्रमांक निरर्थकच असावेत. क्रमांकातच वय आणि लिंग कोंबायची सवय अनेक लॅबना असते. त्यातून दात्याची माहिती नको तिथे फुटते, आणि वयाची नोंद दुरुस्त झाली की क्रमांकही खोटा ठरतो.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, त्याकडे येते. तुमचा अभ्यास वयाचा आहे. समजा, तरुण दात्यांचे सगळे नमुने एका लॅबकडून आले आणि वयस्कांचे दुसरीकडून. मग दिसणारा फरक वयाचा की लॅबचा? अशा वेळी सांख्यिकीची कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकत्र बांधलेल्या असतात. बॅचचा, म्हणजे लॅबनिहाय, फरक दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवलं तर ते लॅबबरोबर वयाचा परिणामही पुसून टाकतं आणि आलेख दिसायला सुरेख होतो. हे व्यवहारात सहज घडतं, कारण तरुण आणि वयस्क ऊती मिळण्याच्या वाटाच वेगळ्या असतात. तरुणांच्या ऊती अवयवदानातून किंवा अपघाती मृत्यूनंतर येतात. वयस्कांच्या बऱ्याचदा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून, गाठीशेजारचा ‘निरोगी’ भाग म्हणून. तो भाग तसा निरोगी नसतो. आणि त्या रुग्णाला आधी केमोथेरपी किंवा किरणोपचार झाले असतील तर त्या उपचारांनीच पेशी वृद्धावस्थेत गेलेल्या असू शकतात. म्हणून ‘आधी केमो किंवा किरणोपचार: हो / नाही / माहीत नाही’ हा रकाना माझ्या यादीत वयाच्या लगेच खाली असतो.

यावर समन्वयकाने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली: वय, लॅब, पद्धत आणि नमुन्याचा स्रोत यांचा एक साधा तक्ता दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवणं. कोणते चौकोन रिकामे पडताहेत ते डोळ्यांना दिसलं की लॅब आपापसांत नमुने वाटून घ्यायला तयार होतात. सगळं गोळा झाल्यावर तो तक्ता काढला तर नुसती हळहळ उरते. दुसरी: सामायिक नमुना. एकाच ब्लॉकचे लागोपाठचे काप सगळ्या लॅबना पाठवायचे आणि प्रत्येकीने आपल्या नेहमीच्या पद्धतीने मोजायचे. लॅबमुळे किती फरक पडतो याचा अंदाज देणारा यापेक्षा थेट मार्ग मला माहीत नाही. यात पैसे जातात आणि यातून कोणाचा लेख निघत नाही, म्हणून ही तरतूद सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच मागून घ्या.

याच ओघात एक आग्रह. तुमच्या पोर्टलवर ‘दहा लाख पेशी’ असा आकडा झळकवण्याचा मोह होईल. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दाते किती ते लिहा. आठ दात्यांकडून आलेल्या दहा लाख पेशी म्हणजे आरोग्याच्या प्रश्नापुरते आठच नमुने. एका माणसाच्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पेशी मोजून काढलेली सांख्यिकी अवास्तव खात्री दाखवते, आणि वृद्ध पेशी व आजार यांचा संबंध लावताना ती खात्री लोकांच्या उपचारांपर्यंत पोचू शकते.

इथवरचं सांगणं असं: पुरावा आणि निकाल वेगळे ठेवा, त्या दिवशीच लिहायची माहिती सक्तीची करा, आणि वय व लॅब एकमेकांत अडकू देऊ नका. आता आरोग्याच्या नोंदी.

इथे पुष्कळ काही तुमच्या देशाच्या कायद्यावर, नैतिकता समितीवर आणि दात्यांनी किंवा त्यांच्या कुटुंबाने कशाला संमती दिली आहे यावर अवलंबून आहे. कायदा काय म्हणतो ते तुमच्या समितीकडूनच घ्या. मी डेटाच्या बाजूने बोलते. वयाच्या अभ्यासाला गोपनीयतेचा नियम कसा आडवा येतो, याचं नेमकं उदाहरण अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत आहे. ओळख पुसण्याच्या तिथल्या ठरावीक पद्धतीत ८९ च्या वरची सगळी वयं ‘९० किंवा अधिक’ अशा एकाच गटात टाकावी लागतात. ९१ आणि १०३ एकच होतात! ज्यांच्या ऊतींतून सगळ्यात जास्त शिकायचं, त्यांचंच वय धूसर होतं. त्याच नियमांत दुसरी वाटही आहे: जाणकार तज्ज्ञाने ओळख पटण्याचा धोका तपासून लेखी अभिप्राय देणं. शिवाय नेमकं वय नियंत्रित थरात ठेवून फक्त परवानगी मिळालेल्या संशोधकांना देता येतं. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, दोन थरांची रचना पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर थर पाडणं फार जिकिरीचं असतं.

साधारणपणे डीएनए-आरएनएच्या मूळ वाचनाच्या फाइल नियंत्रित थरात जातात, कारण त्यातून माणूस ओळखता येतो. प्रत्येक जनुकाची नुसती मोजणी असलेले तक्ते खुल्या थरात ठेवतात. तारखा काढून टाकून त्याजागी कालावधी द्या: ‘निदानानंतर १४ महिन्यांनी’. दुर्मीळ जुळण्यांकडे बारीक लक्ष ठेवा. वय ९७, एक विरळा आजार आणि रुग्णालयाचं नाव, एवढ्यावर शेजारपाजारचे लोक त्या व्यक्तीला ओळखतील, नाव कितीही लपवलं तरी. आणि संमती कुठल्या वापरापुरती आहे, याचा सांकेतिक शब्द प्रत्येक नमुन्याला जोडलेला हवा, म्हणजे ‘फक्त ना-नफा संशोधन’ असं लिहून दिलेल्या दात्याचा डेटा औषध कंपनीच्या मागणीत आपोआप वगळला जाईल. कोणी संमती मागे घेतली तर त्या दात्याच्या साखळीतलं सगळं एका आज्ञेत सापडलं पाहिजे. हे आम्ही कोरड्या सरावाने तपासून ठेवतो, प्रत्यक्ष वेळ येण्याची वाट पाहत नाही.

कोणत्या नोंदी मागाव्या? ‘निरोगी’ हा शब्द सोडून मोजलेल्या गोष्टी मागा. मूत्रपिंडासाठी ईजीएफआर, साखरेसाठी एचबीए१सी, फुप्फुसासाठी श्वासाच्या चाचणीचे आकडे, शक्य असेल तिथे हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग. धूम्रपान किती वर्षं, वजन-उंची, आणि औषधं. औषधांच्या यादीत लोक आळस करतात, तो करू देऊ नका. स्टेरॉइड, मेटफॉर्मिन, रॅपामायसिन, दासातिनिब यांच्यासारखी औषधं तुमच्या निरीक्षणांवर थेट परिणाम करू शकतात. दासातिनिब तर रक्ताच्या कर्करोगावरचं औषध आहे, आणि क्वेरसेटिन या वनस्पतिजन्य रसायनासोबत वृद्ध पेशी मारण्यासाठी अभ्यासलं जातं. ज्या दात्याने ते घेतलं आहे, त्याच्या ऊतीतला वृद्ध पेशींचा आकडा इतरांच्या रांगेत बसत नाही.

तुमच्यातल्या चिकित्सकांना एक मर्यादा आधीच सांगून ठेवा. बहुतेक दात्यांकडून एकदाच, एकाच जागचा नमुना मिळतो. त्यावरून वृद्ध पेशी आणि आजार एकत्र दिसतात एवढंच कळतं, कोण कोणामुळे ते कळत नाही. हे वाक्य डेटासेटच्या वर्णनातच लिहून टाका.

उंदरांचा डेटाही येणार असेल तर तो वेगळ्या कप्प्यात ठेवा. वयाचं एकक महिने की वर्षं ते तपासा, आणि माणसातल्या पी१४एआरएफच्या जागी उंदरात पी१९एआरएफ असतं हे लक्षात ठेवून जनुकांच्या जोड्या लावा. याहून जास्त यात सांगण्यासारखं नाही.

फॉर्म भरत नाहीत त्यांचं काय? धाक दाखवून हे काम होत नाही. मी पहिल्यांदा लॅबप्रमुखाला नाही, जी व्यक्ती प्रत्यक्ष ऊती कापते आणि नळ्यांवर चिठ्ठ्या लावते तिला भेटते. तिच्या कामाच्या ओघात कोणती नोंद कुठे सहज होईल हे तिलाच ठाऊक असतं. बहुतेक वेळा आपला फॉर्म तिच्या कामाच्या उलट क्रमाने लिहिलेला असतो, आणि क्रम बदलला की रकाने भरून येऊ लागतात. दुसरं, डेटा पाठवताच लॅबला काहीतरी परत मिळालं पाहिजे: त्याच दिवशी गुणवत्तेचा अहवाल, लेखातल्या ‘पद्धती’ भागासाठी तयार तक्ता, डेटासेटला स्वतःचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) आणि त्यावर नमुना तयार करणाऱ्यांची नावं. तिसरं, प्रसिद्धीचे नियम लेखी हवेत. डेटा आत आल्यावर किती दिवस फक्त गटात राहणार, पहिला लेख कोणाचा, मुदत संपल्यावर आपोआप खुला होणार की विचारून. हे ठरलेलं नसलं की लोक डेटा दाबून ठेवतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दाबून ठेवला असता.

आत येणारी प्रत्येक फाइल यंत्राने तपासली पाहिजे: चेकसम, म्हणजे फाइल वाटेत बिघडली का हे सांगणारा आकडा, जुळतो का, वय आकडा आहे का, शब्द यादीतलाच आहे का, जिनोमची आवृत्ती जीआरसीएच३८ आहे की जुनी. एक्सेलवर विशेष नजर ठेवा. ते एसईपीटी२ किंवा एमएआरसीएच१ अशा जनुकांच्या नावांची परस्पर तारीख करून टाकतं. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या लेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत अशा चुका आहेत, असं २०१६ च्या एका पाहणीत आढळलं, आणि २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ही नावंच बदलून सेप्टिन२, एमएआरसीएचएफ१ अशी केली. जुन्या फाइल अजून फिरताहेत, म्हणून नावासोबत एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसातला क्रमांक आणि आवृत्ती मागा. यंत्र एवढं पकडतं. ‘दात्याचं वय ३४ आणि ऊतीत लिपोफ्युसिन इतकं, हे कसं?’ असा प्रश्न मात्र माणसालाच पडतो. त्यासाठी जीवशास्त्र जाणणारा, पूर्ण वेळ पगारी क्युरेटर, म्हणजे डेटा तपासून नीट लावणारा माणूस, हवा. अंदाजपत्रकात सर्व्हर आणि क्युरेटर यांतलं एकच बसत असेल तर क्युरेटर घ्या. हे मी अगदी मनापासून सांगते.

राहिली प्रणाली. तुमचा आकार पाहता स्वतःचं मोठं पोर्टल बांधायची गरज दिसत नाही. मेटाडेटासाठी पोस्टग्रेससारखा साधा डेटाबेस, फाइलींसाठी आवृत्त्या जपणारं साठवण, प्रतिमा ओएमई-टिफ या फाइल-प्रकारात, मोजणीचे तक्ते एच५एडी या फाइल-प्रकारात. सेननेट आणि त्याच्या आधीचा, मानवी शरीरातल्या पेशींचा नकाशा करणारा हबमॅप, या प्रकल्पांची मेटाडेटाची रचना खुली आहे. रकान्यांची नावं तिथूनच घ्या, म्हणजे पुढे त्यांच्या डेटाशेजारी तुमचा डेटा ठेवता येईल. दहापट मोठा प्रकल्प असता किंवा अनेक देशांतून डेटा बाहेर नेताच येत नसता, तर माझा सल्ला वेगळा असता. तेव्हा डेटा जिथल्या तिथे ठेवून विश्लेषण तिकडे पाठवण्याची रचना विचारात घेतली असती.

कोणतीही प्रणाली निवडा, पण निवडण्याआधी अनुदान संपल्यावर हा डेटा कुठे जाणार ते लिहून काढा: मोजणीचे तक्ते कोणत्या सार्वजनिक भांडारात, प्रतिमा कोणत्या, आणि नियंत्रित थरासाठी आलेल्या मागण्या कोणती समिती पाहणार. त्या तिन्ही ठिकाणांना कोणते रकाने लागतात ते आजच पाहा आणि तुमच्या फॉर्मशी जुळवून घ्या. नाहीतर शेवटच्या सहा महिन्यांत, गटातले निम्मे लोक दुसरीकडे गेलेले असताना, ते रकाने भरायला कोणी सापडणार नाही.